न दिसणारे रान
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



“काहीतरी शास्त्रीय सांगा, पण कंटाळा येऊ देऊ नका,” अशी अट घालून चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. तेव्हा स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करते.

तारल्या साफ करताना, या मासळीने काय खाल्ले असेल, असा विचार आपल्या मनात कधी येतो का? शाकाहारी भगिनींनी क्षमा करावी. पण तारली स्वतः बरीचशी शाकाहारीच आहे! समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. त्यांपैकी डायाटम हे तारलीचे आवडते अन्न. वाळूत असते त्याच सिलिकाचे नक्षीदार कवच त्याच्याभोवती असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तर जणू चांदीचा करंडाच! पावसाळ्यात केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याजवळ खोलवरचे थंड पाणी वर येते. ते खतासारखी द्रव्ये घेऊन येते आणि हे रान तरारून उठते. त्यावर मासळी पोसते.

मासे न खाणाऱ्यांवरही या जीवांचे ऋण आहे. सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न आणि प्राणवायू तयार करण्याचे जे काम पृथ्वीवर चालते, त्यातले जवळजवळ निम्मे ही चिमुकली मंडळी करतात. वजनाने मात्र सर्व वनस्पतींच्या 1 टक्काही भरत नाहीत. त्यांतला सर्वांत लहान प्रोक्लोरोकॉकस. एका मिलिमीटरच्या लांबीत हे दीड हजारांवर शेजारी शेजारी बसतील. सॅली चिझम या अमेरिकन विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1988 साली त्याची ओळख जगाला करून दिली. तोवर त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्षच गेले नव्हते. सर्वांत जास्त राबणारे माणूसच घरात सर्वांत कमी दिसते, हे या सभेत मी वेगळे सांगायला नको.

आता आपल्या तळ्याकडे वळू. तिथेही असेच जीव आहेत. तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतर तळे रंग कालवल्यासारखे हिरवे झाले आणि एका पहाटे मेलेले मासे काठाला लागले. कोणीतरी विष घातले, असे आपण सगळ्याच म्हणालो. माझ्या मते विष कोणी घातले नव्हते. आपण जेवायला घातले होते! निर्माल्य कुजते, साबणाचे आणि मोरीचे पाणी तळ्यात उतरते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ बेसुमार माजते. दिवसा ते प्राणवायू देते, पण रात्री स्वतःच तो घेते. मेलेले शेवाळ कुजतानाही तो संपतो. मग पहाटेस मासे गुदमरतात. काही नीलहरित शेवाळे तर विषारीही असतात. ते पाणी पिऊन गुरे दगावतात.

यात मी कोणाला दोष देत नाही. निर्माल्याची परडी घेऊन तळ्यावर जाणाऱ्यांत मीही होते. समुद्रात जे आपले अन्नदाते, तेच तळ्यात अति पोसले की घातक ठरतात. अति तेथे माती, ही म्हण आपल्याला नवी नाही.

म्हणून एकच विनंती. यंदा निर्माल्य मंडळाच्या परसातल्या खड्ड्यात घालू या; त्याचे खत आपल्या फुलझाडांना होईल. खड्डा मी उद्याच खणवून घेते. पहिली परडी माझ्या घरची.