दोन्ही हातांचा गोलंदाज



आमच्याकडे डाव्या हाताने काम करणाऱ्याला डेबऱ्या म्हणतात. मी शाळेत खेळ शिकवत होतो, तेव्हा असाच एक डेबऱ्या मुलगा माझ्याकडे होता. चेंडू फेकायचा डाव्या हाताने. मी त्याला दटावून उजव्या हाताने टाकायला लावलं. 'नीट टाक' म्हणालो. वर्षभरात त्याने खेळणं सोडलं. पुढे पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारबद्दल वाचलं, तेव्हा मला तो मुलगा आठवला.

पांढरकवडा म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. अक्षयचा जन्म 1992 चा. तो आधी उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा. पण फलंदाजी डाव्या हाताने आणि सीमारेषेवरून चेंडूची फेकही डाव्याच हाताने. त्याच्या प्रशिक्षकांनी हे हेरलं आणि सांगितलं, डाव्या हाताने गोलंदाजी करून बघ. जे बघून मी दटावलं, तेच बघून त्यांनी वाट दाखवली. अक्षयने डावा हात घोटला आणि उजवाही सोडला नाही.

याचा उपयोग काय? बाहेर वळणारा चेंडू फलंदाजाला अवघड जातो. उजव्या फलंदाजाला डाव्या हाताची फिरकी बाहेर नेते, तर डावखुऱ्याला ऑफस्पिन. दोन्ही हात चालणाऱ्याला हे दोन्ही जमतं. मात्र हात बदलायचा तर आधी पंचांना सांगावं लागतं, नाही तर नो-बॉल. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये पॅट वेन्डिट नावाचा असाच दोन्ही हातांचा खेळाडू होता. 2008 मध्ये एका सामन्यात तो हात बदली, की समोरचा फलंदाज बाजू बदली! कोणी थांबेना. शेवटी नियमच करावा लागला, की आधी चेंडू टाकणाऱ्याने हात जाहीर करायचा.

सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात अक्षयने दोन्ही हातांनी गोलंदाजी केली आणि त्याचं नाव देशभर झालं. त्याआधी 2016 मध्ये बंगळुरूच्या आयपीएल संघाने त्याला घेतलं होतं. तिथे मैदानात उतरायची संधी मिळाली नाही.

पण मला विचाराल तर त्याची खरी किंमत कळली ती फेब्रुवारी 2019 मध्ये. नागपूरला रणजी करंडकाचा अंतिम सामना, समोर सौराष्ट्र. पहिल्या दिवसअखेर विदर्भ 7 बाद 200. दुसऱ्या दिवशी तळाच्या गड्यांना हाताशी धरून अक्षयने डाव 312 पर्यंत ओढला; स्वतः नाबाद 73. सौराष्ट्र 307 वर आटोपलं. आघाडी किती, तर फक्त पाच धावांची! पुढे आदित्य सरवटेने सामन्यात 11 बळी घेतले आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. साहजिकच कौतुक सरवटेचं झालं. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. एकाच घरात दोन सुतार असले की एकाच्या रंध्याला काम कमी. अक्षयचं तसंच झालं. त्याला बॅटवर पोट भरावं लागलं. त्याच महिन्यात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने 102 धावा काढल्या आणि सामनावीर ठरला. बक्षिसाची रक्कम विदर्भ संघाने पुलवामातल्या शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली.

मग 8 नोव्हेंबर 2021. मंगलगिरीला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध अक्षयने चार षटकं टाकली. चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी! पुरुषांच्या ट्वेन्टी-20 मध्ये हे आधी कोणालाच जमलं नव्हतं. समोरचा संघ कच्चा होता, हे खरं. पण चोवीस चेंडूंत एकही धाव नाही, म्हणजे एकही चेंडू सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी सिक्कीमविरुद्ध हॅटट्रिक. सहा दिवसांनी कॅनडाच्या साद बिन जफरने पनामाविरुद्ध तसाच पराक्रम केला आणि 2024 च्या विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसनने. आपल्या पांढरकवड्याचा पोरगा त्यांच्या आधी!

अक्षय भारताच्या संघातून खेळला नाही. 'मग काय उपयोग?' असं चौकात लोक सहज विचारतात. मुलाला क्रिकेटला घालावं की नाही, हे विचारायला येणारे आईबापही तेच विचारतात. मी त्यांना खोटं सांगत नाही. रणजीत मानधन सामन्याच्या दिवसावर मिळतं. 2021 नंतर ते दिवसाला 40 ते 60 हजारांपर्यंत गेलं, पण अंतिम अकरात असलात तरच. राखीव खेळाडूला निम्मं. हंगाम काही महिन्यांचा, आणि गुडघा कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

आणि तरीही पोरगं सकाळी साडेपाचला मैदानावर येऊन उभं असेल, तर मी आधी एकच बघतो, की तो चेंडू कोणत्या हाताने उचलतो.

माझा तो डेबऱ्या विद्यार्थी परवा बसस्टँडवर भेटला. आता कापसाचा व्यापार करतो. मी म्हटलं, "बाबा, तेव्हा मी चुकलो." तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या सर, सही अजून डाव्यानंच करतो."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)