गाठोड्यात काय राहिलं?

(नांदूरघाट, जि. बीड येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, संगणकाचा प्रोग्रॅम कसा बांधतात याच्याशी आपल्याला काय करायचंय? आपले प्रश्न पाण्याचे, रेशनचे, मुकादमाच्या उचलीचे, घरातल्या मारहाणीचे. पण अंगणवाडीतल्या बाळाचं वजन आता मोबाइलमध्ये भरलं जातं. गटाचा हिशेब संगणकात जातो. कितीतरी सल्ला केंद्रांत बायकांच्या तक्रारीसुद्धा लॅपटॉपवर नोंदवल्या जातात. जिथे आपली नोंद होते तिथलं यंत्र कसं चालतं, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

दिवाळीच्या सुमारास आपल्या केज तालुक्यातून बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. कोयता तर कुणी विसरत नाही. पण तवा, पीठ-मीठ, रेशनकार्ड, पोराचं लसीचं कार्ड मागे राहिलं, तर फडावर जाऊन बाई काय करणार? प्रोग्रॅमचंही तसंच आहे. त्यातल्या आज्ञा म्हणजे कोयता. पण त्या चालायला सोबत इतर फाइली लागतात: मराठी शब्दांची फाइल, देवनागरी फॉण्ट, वजनाचा तक्ता, गावांची यादी. दुसऱ्यांना वाटण्यासाठी प्रोग्रॅमचं गाठोडं बांधतात तेव्हा नेमक्या याच मागे राहतात.

असं का होतं? पायथॉन भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी पायइन्स्टॉलर नावाचं बांधणीचं साधन आहे. आज्ञा वाचून त्यांना लागणारे आज्ञांचेच इतर भाग ते स्वतः शोधून घेतं. तक्ता किंवा भाषेची फाइल मात्र साधारणपणे त्याला आपोआप कळत नाही. 'हीसुद्धा घे' असं नाव घेऊन सांगावं लागतं. बनवणाऱ्याच्या संगणकावर ती फाइल शेजारीच पडलेली असते, म्हणून त्याच्याकडे सगळं सुरळीत चालतं. बिघडतं ते गावात.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या कामाच्या गावांत बाळांची वजनं नोंदवण्याचा प्रोग्रॅम दिला. सेविका वय आणि वजन भरायची, पण श्रेणीचा रकाना कोराच राहायचा. वरून निरोप आला, 'तुमच्या बायकांना नीट भरता येत नाही, पुन्हा प्रशिक्षण घ्या.' दोन वेळा प्रशिक्षण झालं. त्या बाईने दोन दिवसांची मजुरी बुडवून, लहान लेकरू घेऊन तालुक्याला खेप घातली. शेवटी एका मुलीने फोल्डर उघडून पाहिलं, तर वजनाचा तक्ताच गाठोड्यात नव्हता. चूक यंत्राच्या बांधणीत होती आणि बोल लागला बाईच्या अकलेला. माझा मुद्दा हाच आहे.

त्या तक्त्याचं मोल किती, तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीची मानकं प्रसिद्ध केली. त्यात मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. एक वर्षाच्या मुलीचं वजन ७ किलोच्या खाली गेलं तर ती कमी वजनाची. मुलाची तीच रेषा ७.७ किलोवर आहे. म्हणजे ७.३ किलोची मुलगी रेषेच्या वर, पण तेवढ्याच वजनाचा मुलगा रेषेच्या खाली. दोनपैकी एकच तक्ता बांधला आणि तोच सगळ्यांना लावला, तर यंत्र कोरा रकाना दाखवणार नाही. ते खोटा आकडा दाखवील. कोरा रकाना निदान दिसतो, खोटा आकडा दिसतही नाही.

भाषेचंही असंच. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आणलं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी मोबाइल परत केले. मोबाइलची क्षमता अपुरी होती, आणि ॲप इंग्रजीत होतं. पुढे त्यात मराठी आली. तिथे फाइल बांधायची राहिली होती असं मी म्हणत नाही. पण मराठी तयार झाली नाही काय किंवा तयार होऊन गाठोड्यात आली नाही काय, सेविकेच्या हातात इंग्रजीच पडते. आणि हे लक्षात ठेवा, की ती हलली, कारण सेविका एकजुटीने बोलल्या.

आता दुसरी बाजू. 'काही राहायला नको' म्हणून अख्खं फोल्डर गाठोड्यात कोंबणं त्याहून घातक. प्रोग्रॅम तपासताना कुणी खऱ्या बायकांच्या नोंदी वापरल्या असतील, तर ती फाइलही सोबत जाते. कुणाची मारहाणीची तक्रार, कुणाची गर्भाशयाची शस्त्रक्रिया, सगळं गावोगाव पोचतं. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी विश्वास आहे. आपल्यापुढे बोललेली बाई पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

म्हणून प्रोग्रॅम घेताना चार प्रश्न विचारूया. एक, आज्ञांशिवाय कोणत्या फाइली सोबत दिल्यात, त्यांची यादी मराठीत द्या. दोन, तुमच्या संगणकावर नको. ज्यावर हा प्रोग्रॅम कधीच बसवला नाही अशा संगणकावर, इंटरनेट बंद करून आमच्यासमोर चालवा. उसाच्या फडावर रेंज नसते, 'उघडल्यावर उतरवून घ्या' हे उत्तर तिथे चालत नाही. तीन, फॉण्ट आत आहे का? लोहित देवनागरीसारखा फॉण्ट प्रोग्रॅमसोबत मोफत देता येतो, तेव्हा अक्षरांच्या जागी चौकोन दिसण्याला सबब नाही. चार, तपासणीसाठी वापरलेली नावं खोटी होती का, आणि ती फाइल काढली का?

हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. बिऱ्हाड बांधताना काय लागतं आणि कोणती गोष्ट चारचौघांत उघडायची नसते, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? यापुढे यंत्र अडलं की 'बाईला येत नाही' हे वाक्य कुणी उच्चारण्याआधी आपण विचारायचं, 'गाठोड्यात काय राहिलं?' आणि उत्तर लेखी मागायचं.