एका गोळीतील दोन औषधे

(ज्ञातिमंडळाच्या धाराशिव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा ‘मधुमेह आणि आहार’ असा विषय सुचविला होता. तो आम्ही नम्रपणे बाजूस सारला. आहारावरची व्याख्याने आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती ऐकून कुंथलगिरीच्या पेढ्याचा खप यत्किंचितही घटलेला नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते, ज्या गोळ्या आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात या क्षणीही आहेत, त्यांच्याविषयी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष सांगितली आहे. या मंडपात बसलेल्यांपैकी ज्याच्या घरी एकही मधुमेही नाही असा गृहस्थ शोधून काढणे कठीण जावे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे. तो आपल्याच ज्ञातीतील एका घरी, तुळजापूर तालुक्यात, गेल्या नवरात्रात घडला. त्या घरच्या आजीबाई आज या सभेत उपस्थित आहेत आणि त्यांच्या अनुज्ञेनेच आम्ही तो सांगत आहोत. आजीबाईंचे वय अडुसष्ट. नऊ दिवसांचा उपवास त्यांनी लग्नापासून कधी चुकविला नव्हता. मधुमेहासाठी त्या सकाळी न्याहारीपूर्वी एक गोळी घेत. नवरात्रात न्याहारी बंद झाली, गोळी मात्र चालूच राहिली. औषध चुकवू नये, ही शिकवण त्यांनी मनोभावे पाळली होती. पहिले पाच दिवस दुपारच्या भगरीवर आणि रताळ्यावर निभावले. सहाव्या माळेला त्यांनी फराळही सोडला आणि केवळ पाण्यावर राहिल्या.

दिवेलागणीची आरती चालू असता त्या डुलू लागल्या. अंगास दरदरून घाम फुटला, शब्द अडखळू लागले, दृष्टी शून्यात गेली. भोवतालच्या सुवासिनींनी हात जोडले. देवी अंगात आली असाच सर्वांचा समज झाला, आणि तुळजापूरच्या परिसरात तसा समज व्हावा यात नवल ते काय! कोणी मळवट भरला, कोणी प्रश्न विचारू लागले. असा अर्धा तास गेला. शेवटी महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने आजीच्या कपाळावरून हात फिरविला, तो कपाळ बर्फासारखे गार. तिने आजोबांच्या यंत्रावर बोटातील रक्ताचा थेंब तपासला. रक्तातील साखर निघाली ३८. सत्तरच्या खाली आली की ती धोक्याची समजावी, हे आपण ध्यानात ठेवावे.

आजीबाईंना अद्याप गिळता येत होते. मुलीने साखरेचे पाणी दिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. आकडा जवळजवळ तेथेच. पुन्हा साखरेचे पाणी, पुन्हा तेच. तेव्हा शेजारच्या दुकानातून ग्लुकोजची पूड आणवून तीन चमचे पाण्यात कालवून पाजली, आणि मग कोठे आजीबाईंनी डोळे नीट उघडले. १०८ क्रमांकावर कळवून रुग्णवाहिका बोलाविली. रुग्णालयात त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतले. त्या रात्री साखर आणखी दोनदा उतरली.

साखरेने साखर का वाढली नाही, आणि वाढल्यावर पुन्हा का उतरली, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या एका गोळीच्या पोटात होती. वरून एक दिसणाऱ्या त्या गोळीत तीन औषधे होती. आजीबाईंना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या मुलास ठाऊक नव्हते. घरात चार पदवीधर असून पाकिटावरचे बारीक अक्षर कोणी वाचले नव्हते.

आपण सोयरीक जुळविताना दोन्हीकडचे कूळ, गोत्र, देवक, मामाचे घर, सारे विचारतो. तीन-तीन पिढ्या मागे जातो. मात्र दोन-तीन औषधांची सोयरीक लावून दिलेली गोळी वर्षानुवर्षे घरात नांदते आणि तिचे कूळ कोणी विचारीत नाही! ते आज आम्ही थोडक्यात सांगतो.

अशा जोडगोळ्यांपैकी बहुतेकांत एक बाजू मेटफॉर्मिनची असते. याचे मूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या जांभळट फुलांच्या झुडपात आहे. त्या झुडपातील द्रव्यावरून सुचलेले हे रसायन १९२२ साली डब्लिन येथे प्रथम सिद्ध झाले आणि १९५७ साली ज्याँ स्टर्न या फ्रेंच वैद्याने मधुमेहावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. यकृतातून रक्तात जी साखर सोडली जाते तिला हे आवर घालते आणि शरीरातील इन्शुलिनचा प्रभाव वाढविते. एकटे असता ते साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवीत नाही. स्वभावाने सौम्य, पण पोटास थोडे त्रासदायक. म्हणून जेवणासोबत अथवा जेवणानंतर घ्यावे.

दुसरी बाजू पुष्कळदा ग्लिमेपिराइडची असते. हे सल्फोनिलयुरिया कुळातील. या कुळाचा शोध अपघाताने लागला. १९४२ साली फ्रान्सातील मोंपेलिये येथे मार्सेल जाँबाँ विषमज्वराच्या रोग्यांस एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. त्या रोग्यांची साखर उतरू लागली, त्यांना झटके येऊ लागले, काही दगावलेही. ज्या गुणाने रोगी दगावले तोच गुण पुढे मधुमेहावर उपयोगी पडला. हे औषध स्वादुपिंडास इन्शुलिन सोडण्यास भाग पाडते, आणि आपण जेवलो आहोत की उपाशी, याची चौकशी ते करीत नाही. म्हणून ते घेतल्यावर अन्न पोटात गेलेच पाहिजे. वृद्धांच्या आणि मूत्रपिंड अशक्त झालेल्यांच्या शरीरात त्याचा अंमल लांबतो. आजीबाईंची साखर रात्री पुन्हा उतरली ती यामुळे. ग्लुकोज घेऊन बरे वाटले म्हणजे संकट टळले असे समजू नये. लगेच जेवण द्यावे आणि वैद्याकडे न्यावे.

तिसरे औषध व्होग्लिबोज. हे आतड्यात साखरेचे आणि पिष्टाचे विघटन मंदावते. आपली नेहमीची साखर ही जोडसाखर आहे. ती फुटल्यावाचून रक्तात जात नाही. व्होग्लिबोज ती फुटू देत नाही, म्हणून साखरपाणी वाया गेले. गुळाचेही तेच. शुद्ध ग्लुकोज फोडावे लागत नाही, ते तसेच रक्तात जाते. यास्तव ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांनी घरात, प्रवासात आणि शेतावर ग्लुकोजची पूड जवळ ठेवावी. ती नसेल तर मधही चालतो. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे आणि १०८ ला कळवावे.

उपवास सोडा असे आम्ही म्हणणार नाही. तसे सांगणाऱ्या वैद्याचे या जिल्ह्यात कोणी ऐकत नाही. आमच्या मातोश्रींनीही आमचे कधी ऐकले नाही. परंतु घटस्थापनेपूर्वी पंधरा दिवस आपल्या वैद्याकडे जाऊन ‘आम्ही उपवास असा-असा करणार, मुख्य फराळ अमुक वेळी घेणार’ हे सांगावे. गोळी कोणत्या वेळेस न्यायची, सल्फोनिलयुरियाचा अंश किती कमी करायचा, कोणते औषध नऊ दिवस थांबवायचे, हे ते ठरवितील. आपले मुसलमान शेजारी रमजानपूर्वी असा सल्ला घेतात, आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहकार्याने २०१६ साली मार्गदर्शिका निघाली असून २०२१ साली ती सुधारूनही घेतली आहे. नवरात्रासाठी तसे आपणच करावयास हवे. शिवाय ‘उठता-बसता’ उपवासाची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहेच. थकल्यावर उपवास सुनेकडे वा मुलाकडे सोपविण्याची चालही पुष्कळ घरांत आहे. कोजागरीस सोलापूरहून तुळजापूरला पायी येणाऱ्यांनी तर अधिक जपावे. रात्रभराची चाल हाही साखर उतरविणारा उपायच आहे, आणि त्यावर रिकाम्या पोटी गोळी म्हणजे दुहेरी मात्रा.

दुहेरी मात्रेवरून आठवले. एका सेवानिवृत्त गुरुजींचे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनी वडिलांसाठी पुण्याच्या वैद्याकडून नवी गोळी आणली. गुरुजींनी नवी सुरू केली आणि धाराशिवची जुनीही संपवावी म्हणून चालू ठेवली. अन्न आणि औषध वाया जाऊ देऊ नये हा त्यांचा बाणा. दोहोंची नावे वेगळी, रंग वेगळे, आतील औषधे तीच. तीन आठवडे गुरुजी पहाटे घामाने भिजून उठत होते आणि वाईट स्वप्नांना दोष देत होते. पाकिटावर ठळक छापलेले नाव कारखान्याने ठेवलेले असते. त्याखाली बारीक अक्षरांत असते ते औषधाचे खरे नाव आणि मिलिग्रॅममधील प्रमाण. ते वाचावे, दिसत नसेल तर नातवाकडून वाचवून घ्यावे. जनऔषधी केंद्रातील पाकिटावर औषधाचे मूळ नावच असते, हा त्याचा स्वस्ताईखेरीज आणखी एक लाभ. सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन यांची जोडगोळी तेथे २०२२ च्या सप्टेंबरात आली तेव्हा दहा गोळ्यांस साठ-सत्तर रुपये पडत होते. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या कुळाने साखर एकाएकी उतरण्याचे भय बरेच कमी असते. मात्र पोटात पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आली तर गोळी थांबवून वैद्यास गाठावे.

आता उन्हाळ्याविषयी. आपल्या जिल्ह्याचा वैशाख आणि आपल्याकडील पाण्याची अवस्था सर्वांस ठाऊक आहे. जुलाब, उलट्या, ताप अथवा ऊन लागून शरीरातील पाणी आटले की मूत्रपिंडाचे काम मंदावते. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. ते साचले तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो. हे क्वचित घडते, परंतु घडले तर प्राणावर बेतते. श्वास जोराने चालणे, गुंगी येणे, स्नायू आणि पोट दुखणे ही त्याची चिन्हे. याच कुळातील फेनफॉर्मिन हे औषध याच दोषापायी १९७० च्या दशकात अनेक देशांनी बंद केले. मेटफॉर्मिनमध्ये तो दोष फार कमी आहे, पण मूत्रपिंड शाबूत असेल तरच. म्हणून वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. मूत्रपिंडाची गाळणशक्ती ३० च्या खाली गेली तर हे औषध घेऊ नये, ४५ च्या खाली असता नव्याने सुरू करू नये, असा दंडक आहे. शिरेतून रंगद्रव्य देऊन स्कॅन काढावयाचा असेल तर गोळीत मेटफॉर्मिन आहे हे आधी सांगावे. मद्य घेणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावे. ज्ञातीत असे कोणी नाही हे आम्ही जाणतोच!

डापाग्लिफ्लोझिन मिसळलेल्या जोडगोळ्या अलीकडे पुष्कळ दिल्या जातात. त्या लघवीवाटे साखर काढून टाकतात, हृदयास आणि मूत्रपिंडास हितकरही ठरतात. पण लघवीबरोबर पाणीही जाते. निर्जळी उपवासात, जुलाब-उलट्यांत आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्या थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फारशी वाढलेली नसताही रक्तात विषारी आम्ले साचू शकतात. शस्त्रक्रियेपूर्वी निदान तीन दिवस आधी वैद्यास विचारावे. पायोग्लिटाझोन असलेल्या गोळीने पायांस सूज आली, दम लागू लागला, तर हृदयाची तपासणी करून घ्यावी. हे औषध २०१३ साली आपल्या सरकारने काही आठवडे स्थगित करून पुढे इशाऱ्यासह पुन्हा चालू केले होते. आणि ७ सप्टेंबर २०१८ रोजी ज्या ३२८ मिश्रणांवर सरकारने बंदी घातली त्यांत मधुमेहाची काही होती. बाजारात मिळते म्हणून प्रत्येक मिश्रण शहाणपणाचे असते असे नाही.

एक-दोन बारीक गोष्टी राहिल्या. पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘पीआर’ असे लिहिलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. ती चावू नये, कुटू नये. शौचात तिचे टरफल दिसले तर घाबरू नये, औषध आत उतरलेले असते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-बारा जीवनसत्त्व घटते, आणि आपल्यातील शाकाहारी घरांत ते मुळातच कमी. पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या माथी मारण्यापूर्वी ते एकदा तपासून घ्यावे. मुळापासून मधुमेह घालवितो म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत हीच इंग्रजी औषधे गुपचूप मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. गोळीवर असे चूर्ण म्हणजे पुन्हा गुरुजींचीच गत.

जोडगोळी वाईट, असा अर्थ कृपया काढू नये. चारऐवजी दोन गोळ्या घ्याव्या लागल्या तर विसर कमी पडतो, खर्चही आटोक्यात राहतो. आजीबाई आजही जोडगोळीच घेतात; त्यांच्या वैद्यांनी ती बदलली आहे, एवढेच. या वर्षी घट बसण्यापूर्वी त्या आमच्याकडे येऊन फराळाची वेळ लिहून देऊन गेल्या. उपवास त्यांनी उठता-बसता केला, आणि नातीने ग्लुकोजचा डबा देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला होता.

निमंत्रणपत्रिकेसोबत चिटणीसांनी ज्या चिठ्ठ्या पाठविल्या होत्या त्यांनुसार कित्येकांनी आपापल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणली असतील. भोजनानंतर मंडपाच्या उजव्या बाजूस आम्ही आणि आमचे दोन तरुण सहकारी बसणार आहोत. प्रत्येकाच्या गोळीतील औषधांची नावे मराठीत एका कागदावर लिहून देऊ. तो कागद घरी जेथे सर्वांच्या दृष्टीस पडेल तेथे चिकटवावा. मात्रा बदलण्याचे काम आपापल्या वैद्यांचे आहे, ते आम्ही येथे करणार नाही. पाकिटे कापून दोन-दोन गोळ्या पुडीत बांधून आणणाऱ्यांना मात्र परत घरी जाऊन उरलेले पाकीट आणावे लागेल, कारण नाव नेमके कापलेल्या तुकड्यावर राहिलेले असते.