दाखवला तर टिकेल टाका

दारव्हा-दिग्रस-पुसद हा यवतमाळ जिल्ह्यातला पट्टा कापसाचा, तसाच बंजारा तांड्यांचाही. तांड्यावरच्या बायकांनी भरलेल्या फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, आरसा कसा बसतो, ते जवळून पाहा. आरशाला भोक नसते. आधी त्यावर उभ्या-आडव्या धाग्यांची चौकट ताणायची, मग कडेने टाके गुंफत ती गोल ओढून घ्यायची. धागा किती ताणायचा, हे शेजारी बसून, हात पाहूनच कळते. म्हणून चारचौघींनी जमून आपापले भरतकाम एकमेकींना दाखवणे, हीच या कलेची शाळा, असे माझे ठाम मत आहे.

कोणी म्हणेल, दाखवलेली नक्षी चोरीला जाते. शिवाय यंत्रावरचे काम स्वस्त पडते. भीती खोटी नाही. पण कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात; तिथल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, ते समूहाच्या नावाने. २०२३ मध्ये हंपीला साडेचारशेहून अधिक लंबाणी कारागीर स्त्रियांचे १७५५ नग एकत्र मांडले गेले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. पेटीत दडवलेल्या नक्षीला ना मानांकन, ना गिऱ्हाईक. ती आजीबरोबरच जाते. तेव्हा मायबहिणींनो, घरातली जुनी कांचळी बाहेर काढा आणि तिचा एक तरी टाका शेजारणीला शिकवा.