मोटार उचलावी जॅकने, तोलावी टेकूने

ठाण्याच्या वर्तकनगरसारख्या वसाहतीत इमारतीसमोर मोटार उभी असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, मोटार मध्यमवर्गीयांच्या दाराशी पोहोचली आणि तिच्याबरोबर रविवारची डागडुजीही आली. तेल बदलणे, ब्रेक तपासणे ही कामे घरी करण्यात गैर काहीच नाही. या स्वावलंबनाचे कौतुकच व्हावे. प्रश्न आहे तो गाडीखाली शिरण्याचा.

गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. उचलणे हे त्याचे काम, तोलून धरणे हे नव्हे. स्क्रूच्या जॅकची बैठक लहान असते आणि गाडी थोडी सरकली तरी तो कलंडतो. तेलाच्या जॅकमध्ये लहान दट्ट्यावरील दाब मोठ्या दट्ट्याकडे जातो. पास्कलचा नियम शिकविताना शिक्षकांना दोन सिरिंज नळीने जोडून हे दाखविता येईल. तीच नळी किंचित सैल केली म्हणजे धोकाही उमगेल. झडपेत कचऱ्याचा कण अडकला किंवा सील झिजले की तेल मागे फिरते आणि वजन खाली येते. मारुती ८०० सारखी हलकी गाडीही सहाशे किलोंहून अधिक भरते.

बैलगाडीचे चाक काढून वंगण घालताना शेतकरी कण्याखाली आधी भक्कम टेकू देतो. मोटारीचा टेकू म्हणजे लोखंडी जॅकस्टँड. तो जोडीने वापरावा व गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावावा. भार त्यावर उतरल्यावर बाहेर उभे राहूनच गाडी हाताने हलवून पाहावी. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे रचून केलेला टेकू मात्र सर्वथा वर्ज्य. ते पूर्वसूचना न देता फुटतात.

जमिनीचा विचार तितकाच महत्त्वाचा. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याकडील या भागात उतार आहेत, आणि पावसाळ्यात भरावाची माती भुसभुशीत होते. गटाराचे झाकण, डळमळीत पेव्हर ब्लॉक, मे महिन्यातील तापलेले डांबर यांवर जॅक लावू नये. सपाट, पक्के काँक्रीट शोधावे. तसे नसेल तर काम गॅरेजकडे सोपवावे, त्यात कमीपणा नाही.

आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच मोटारींचा हातब्रेक केवळ मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी ठरतो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून पाचर लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये.

काम एकट्याने करू नये. सोबतीच्या माणसाला १०८ व १०१ हे क्रमांक ठाऊक असावेत. कोणी गाडीखाली सापडल्यास त्याला ओढण्यापूर्वी गाडी पुन्हा उचलून टेकू द्यावा लागतो. काढलेले चाक बाजूला न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवे सरकवावे. स्टँड निसटलाच, तर तेवढी जागा तरी मोकळी राहते.