गाण्यासाठी कर्ज

कुणी कामं आटोपून बसली असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. हातातलं काम चालू द्या आणि ऐका. आज शेळ्या नाहीत, पापड-लोणची नाहीत. आज आम्ही गाण्यासाठी दिलेल्या कर्जाची गोष्ट सांगणार आहोत. हे कर्ज आम्ही आधी नाकारलं होतं, तेही सांगणार आहोत.

आमच्या गटात आम्ही बाराजणी. दोन वर्षांपूर्वी जून महिन्याच्या बैठकीत एका मैत्रिणीने अर्ज ठेवला. वय 36, दोन मुलं, शिवणकाम करते. लग्नाआधी बी. ए. झालेली. माहेरी शिकत होती तेव्हापासून गाण्याच्या परीक्षा देत देत विशारदपर्यंत पोचलेली. अर्जात लिहिलं होतं : विद्यापीठात संगीत विषयात एम. ए. करायचं आहे, 20 हजार रुपये कर्ज हवं.

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं. आमच्यातल्या सगळ्यात वडील अक्का म्हणाल्या, "अगं, मशीन घे, म्हैस घे, देतो. गाणं म्हणायला पैसे कशाला लागतात? आम्ही जात्यावर बसून फुकटच गायलो की." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. वहीत लिहिलं, 'कारण उत्पादक नाही, अर्ज नामंजूर.' ती काही बोलली नाही. बचतीचे पैसे मोजून दिले आणि घरी गेली. तिचं ते वर्ष वाया गेलं, आणि ते आमच्या वहीतल्या एका ओळीने गेलं.

आमचं कुठे चुकलं, ते नंतर हळूहळू कळलं.

पहिली चूक म्हणजे हे शिक्षण काय असतं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. एम. ए. म्हणजे दोन वर्षं, चार सत्रं. रोजचा रियाज असतोच. एक राग घ्यायचा, तो आधी संथ लयीत मांडायचा, मग द्रुत लयीत. संथ एकतालात मात्रा बाराच, पण एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण मिनिटही लागतं. तेवढा वेळ सूर धरून, ताल न सोडता गायचं. शिवाय लेखी परीक्षा असते. पंडित भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत मांडणी कशी केली, बंदिश कागदावर स्वरलिपीत कशी लिहायची, घराणी कशी वेगळी, हे सगळं अभ्यासायचं. बऱ्याच ठिकाणी शेवटी प्रबंधही लिहावा लागतो.

दुसरी चूक मनातली होती. बाईचं गाणं म्हटलं की आपल्याकडे अजून भुवया वर जातात. देवळातलं भजन चालतं, हळदीची गाणी चालतात, पण 'गाणं शिकते' म्हटलं की लोक विचारतात, कशाला? मिरजेत 1905 साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांच्या काळात तर घरंदाज बाईने चारचौघांत मैफलीला बसणं वाईट समजत. तिकीट लावून जाहीर गाणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये हिराबाई होत्या. त्यांच्यासारख्या बायकांनी ती वाट रुंद केली. पुढे प्रभाताई अत्रे विज्ञान शिकल्या, कायदा शिकल्या, संगीतात डॉक्टरेट मिळवली आणि महर्षी कर्व्यांनी 1916 साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. 2022 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. गाणं आणि पदवी हातात हात घालून चालतात, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या बायकांनी दाखवलं. आम्ही मात्र म्हशीवर अडून बसलो होतो.

पुढच्या वर्षी अर्ज आलाच नाही. आम्हीच तिच्या घरी गेलो. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आता कशाला आलात? पोरीने वर्षभर तानपुऱ्याला हात लावला नाही." त्या बोलण्याने आमच्या माना खाली गेल्या. पण ओट्यावर बसवून चहाही त्यांनीच दिला आणि म्हणाल्या, "मुलांचं मी बघेन. तुम्ही पैशाचं बघा."

बैठकीत या वेळी आम्ही हिशेब मांडला. 20 हजार रुपये, महिना एक टक्का व्याज, 20 हप्ते. तिने स्वतःही सांगितलं की शिवणकाम सोडणार नाही आणि गावातल्या मुलांना पेटी शिकवून महिन्याला काही मिळवेन. अक्कांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. ठराव झाला.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं कुणी असेल, तर काय काय करावं लागतं ते सांगतो. कागद-पेन घ्या.

कुठलीही पदवी हवीच. बी. ए. संगीत विषयात नसेल, तर पुष्कळ विद्यापीठं पदवीबरोबर विशारद मागतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि सातवी परीक्षा विशारद पूर्ण. ही वाट लांब आहे, म्हणून मुलीला गाण्याची आवड असेल तर शाळेत असतानाच परीक्षेला बसवा. मुंबई, पुणे, कोल्हापूर इथल्या विद्यापीठांत संगीत शिकवलं जातं. प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून माहितीपत्रक आधी वाचा. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी गाऊन दाखवावं लागतं.

कागदपत्रं आधीच जमवा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र. आपल्या बायकांच्या शिक्षणात लग्नामुळे, बाळंतपणामुळे खंड पडलेला असतो. त्याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करतात. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, कारण त्या दिवशी सर्व्हर हमखास बंद पडतो.

हजेरीचं विचारून घ्या, ती सांभाळावीच लागते. आमची मैत्रीण पहाटे साडेपाचच्या एस. टी.ने जाते. 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा तिला मोठा आधार आहे.

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्या सत्रात ती वर्गात मागे पडली. बरोबरीच्या मुली बावीस-तेवीसच्या, त्यांचा रोजचा तीन-चार तास रियाज. हिचा रियाज भांडी घासताना, मोबाइलवर तानपुरा लावून. धाकटा तापाने आजारी पडला तेव्हा पंधरा दिवस गेलीच नाही. आमच्या कर्जाचे दोन हप्ते चुकले. नियम तो नियम, दंड लावला, तिने भरला. आतापर्यंत चौदा हप्ते आलेत. आणि पुढे नोकरी लागेलच असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही. कायम जागा थोड्या आहेत. कॉलेजात शिकवायचं तर एम. ए. नंतर नेट किंवा सेट द्यावी लागते. शाळेत, क्लासमध्ये शिकवता येतं, परीक्षा केंद्र चालवता येतं. पण पदवी मिळाली म्हणून दारात कुणी ताट घेऊन उभं राहत नाही.

आता ती तिसऱ्या सत्रात आहे. प्रबंधाला विषय काय घ्यावा, असं तिच्या मॅडमनी विचारलं. तिने सांगितलं, जात्यावरच्या ओव्या. मॅडम म्हणाल्या, जरूर घे. त्यांनीच तिला सांगितलं की हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. जाती बंद पडली, गिरण्या आल्या, पण बायकांनी त्या ओव्या गळ्यात जपल्या होत्या.

मग एका संध्याकाळी ती मोबाइल घेऊन अक्कांच्या अंगणात गेली. आम्हीही गेलो. अक्का आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जातं नसलं की सूर लागत नाही गं." माळ्यावरचं जुनं जातं खाली काढलं, पुसलं, त्यात मूठभर ज्वारी टाकली. खुंटा हातात आल्यावर अक्का दोन तास थांबल्या नाहीत. आमची मैत्रीण एकेक ओवी ऐकून वहीत स्वर लिहीत होती. मध्येच तिने विचारलं, "अक्का, हा सूर कुठून आला तुमच्याकडे?" अक्का म्हणाल्या, "माझ्या आईकडून. तिला कुणी विचारलं नाही कधी."

प्रबंधात त्या ओव्यांखाली अक्कांचं नाव येणार आहे. अक्कांनी बैठकीत तीनदा विचारलं, नाव छापणार ना? नीट लिही म्हणावं, वडिलांच्या नावासकट.

त्या दिवशी आम्ही जुनी वही काढली. 'कारण उत्पादक नाही' ही ओळ अजून तिथेच आहे. खोडली नाही, खोडायची नाही. पुढच्या अर्जाच्या वेळी ती आम्हाला दिसायला हवी.

तुमच्या गटात कुणी शिकायचं म्हणाली, तर हसण्याआधी तिला एकच विचारा : फी किती, आणि शेवटची तारीख कोणती? बाकी बोलणं नंतर.