पुस्तकातला हात आणि माणसाचा हात

अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध ताठ उभी राहिलेली एक कंडरा तुमच्यापैकी बहुतेकांना दिसेल. काहींना ती मुळीच दिसणार नाही, काहींना एकाच हातावर दिसेल. ही पामॅरिस लाँगस. युरोपीय पुस्तके सांगतात की सुमारे 15 टक्के लोकांत ती नसते. चीन-जपानकडच्या पाहण्यांत हे प्रमाण बरेच कमी भरते. ज्यांना ती नाही त्यांच्या मुठीचा जोर काही घटत नाही, म्हणून हा निसर्गाचा किरकोळ अपवाद समजून आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे, की अपवाद या हातांत नसून पुस्तकातल्या चित्रात आहे. लंडनच्या जॉन वुड यांनी 1860च्या दशकात शवविच्छेदने करून स्नायूंमधले फरक मोजले. डार्विनने 1871 साली त्यांचे आकडे उद्धृत केले. 36 देहांत 295 फरक निघाले, आणि पुढच्या तितक्याच देहांत 558. या दुसऱ्या गटात पाठ्यपुस्तकातील वर्णनाशी तंतोतंत जुळणारा देह एकही नव्हता.

अंगठ्यापाशी हा प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही. अंगठा बाहेर नेणारी आणि तो ताठ करणारी अशा दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडील कडेला एकाच बोगद्यातून जातात, असे चित्र सांगते. प्रत्यक्षात पहिली, म्हणजे ॲब्डक्टर पॉलिसिस लाँगस, बहुतेक हातांत दोन किंवा अधिक पदरांची असते. दुसरी, एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस, बारीक असते, क्वचित नसतेच, आणि पुष्कळदा मधल्या पडद्यामुळे तिला स्वतंत्र बोगदा मिळालेला असतो. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी केर्व्हेन यांनी 1895 साली वर्णिलेले दुखणे याच जागेचे. तान्हे बाळ वारंवार उचलणाऱ्या आयांना ते पुष्कळदा सतावते. शस्त्रक्रियेत बोगदा उघडतात. समोर दोन-तीन कंडरा दिसल्या की दोन्ही मोकळ्या झाल्या असे वाटते. पण ते सारे पदर पहिलीचेच असू शकतात. ब्रेव्हिस तिच्या बोगद्यात अडकलेलीच राहते आणि वेदनाही तशीच. स्टिरॉइडचे इंजेक्शन चुकीच्या कप्प्यात गेले तरी परिणाम हाच. म्हणून जाणता सर्जन कंडरा ओढून पाहतो. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला लागून असलेला सांधा ताठ झाला तरच तो तिला ब्रेव्हिस म्हणतो.

यावर एक आक्षेप येतो: सगळेच हात वेगळे असतील, तर विद्यार्थ्याला शिकवायचे काय? आक्षेपात तथ्य आहे. ठरलेले वर्णन नसेल तर फरक ओळखायचा कशावरून? तेव्हा चित्र फाडू नये. त्याच्याशेजारी किती हातांत काय आढळते तेही शिकवावे. दुसरा आक्षेप, की काम अडत नसेल तर हे फरक मोजायचे कशाला. लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी 1979 साली अंगठा वाकवणारी कंडरा आणि तर्जनीची कंडरा यांना जोडणारा दुवा वर्णिला. तो असला की अंगठा वाकवताना तर्जनीचे टोकही वाकते. रोजच्या कामात याची जाणीव बहुधा होत नाही, पण बोटे सुटी चालवावी लागणाऱ्या वादकाला होऊ शकते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अंगठ्याच्या बोगद्यातला तो पडदा शस्त्रक्रिया झालेल्या मनगटांत शवांपेक्षा अधिक वेळा सापडतो, म्हणून पडद्यामुळेच दुखणे होते, म्हणजे तो साधा फरक नसून दोष आहे, असे काही जण मानतात. तसे असेलही. पण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात ते इंजेक्शनने बरे न झालेले रुग्ण, आणि पडदा असलेल्यांना इंजेक्शन कमी लागू पडते. मग तो गटच आधी चाळून आलेला ठरतो. त्यावरून कारण सिद्ध होत नाही. सुई टोचण्यापूर्वी सोनोग्राफीत कप्पे एक आहेत की दोन ते पाहून घ्यावे, एवढे मात्र त्यावरून नक्की म्हणता येते.